केएसएमबीडी फाइल सर्व्हरमधील लॉग-ऑफचा क्रॅश कसा दुरुस्त करावा

लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, केएसएमबीडी (ksmbd) हा एसएमबी प्रोटोकॉलने नेटवर्कवर फाइली पुरवणारा सर्व्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालतो. हेच काम कर्नलबाहेर करणाऱ्या सांबा या सर्व्हरमध्ये प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस असते, त्यामुळे एखादी प्रोसेस कोसळली तरी इतरांचे काम सहसा अडत नाही. केएसएमबीडीमधील चूक मात्र कर्नलची मेमरी बिघडवू शकते आणि अख्खे मशीन बंद पाडू शकते. म्हणूनच सेशन (क्लायंटचे लॉग-इनपासून लॉग-ऑफपर्यंतचे सत्र) बंद होताना येणारा क्रॅश केवळ रीबूट करून सोडून देऊ नये.

सर्वप्रथम पुरावा जपावा. मशीन पुन्हा सुरू झाले असल्यास आधीच्या बूटचा कर्नल लॉग जर्नलमधून (सिस्टिमच्या नोंदवहीतून) काढावा. जर्नल डिस्कवर साठवले जात नसेल किंवा शेवटच्या ओळी लिहिण्याआधीच मशीन गोठत असेल, तर केडम्प (क्रॅशच्या वेळची मेमरी जतन करणारे साधन) किंवा नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवणारे साधन) बसवून पुढच्या क्रॅशची नोंद मिळवावी. चाचणीच्या मशीनवर केएसॅन (KASAN, मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलमधील सोय) चालू केलेला कर्नल वापरल्यास मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि नंतर कोणी वापरली, हे तीन कॉल ट्रेसमधून (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याच्या याद्यांमधून) दिसते. सोडणारा ट्रेस लॉग-ऑफचा आणि वापरणारा ट्रेस दुसऱ्या थ्रेडवरील (एकाच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या कामातील) सेशन सेटअपचा असेल, तर २०२५ मध्ये नोंदवलेली सीव्हीई-२०२५-३७८९९ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा क्रमांक) ही त्रुटी समोर आहे असे समजून पुढे जावे.

तिचे मूळ एसएमबी ३.० मधील मल्टिचॅनेलमध्ये आहे. या सोयीमुळे एकाच सेशनला एकाहून अधिक कनेक्शन जोडता येतात. समजा, पहिल्या कनेक्शनने लॉग-ऑफ पाठवले आणि त्याच क्षणी दुसरे कनेक्शन त्याच सेशनला जोडून घेत आहे. पहिला थ्रेड सेशनमधील वापरकर्त्याची मेमरी सोडून देतो, तर दुसऱ्याने तिचा पत्ता आधीच वाचून हातात घेतलेला असतो. इथे बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे मेमरी सोडल्यावर पॉइंटर (तो पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करणे. तो पुरेसा नाही, हे आग्रहाने सांगावेसे वाटते: तशी ओळ त्या कोडमध्ये आधीपासून होतीच. शून्य करण्यापूर्वी घेतलेली प्रत दुसऱ्या थ्रेडकडे राहते, आणि सोडणे व शून्य करणे यांमध्ये फटही राहते.

खरी दुरुस्ती मालकी ठरवण्याची आहे. लॉग-ऑफ हाताळणाऱ्या कोडमधून वापरकर्त्याची मेमरी सोडण्याचे काम काढून टाकावे आणि ते सेशन नष्ट करणाऱ्या एकाच ठिकाणी ठेवावे, जिथे रेफरन्स काउंट (सेशन अजून किती जण वापरत आहेत याची मोजणी) शून्यावर आल्याशिवाय कोणी पोहोचत नाही. मूळ कर्नलमध्ये स्वीकारलेला पॅचही लॉग-ऑफमधील तेवढ्याच ओळी वगळतो.

स्वतः कोड बदलणार नसाल, तर आपल्या लिनक्स वितरणाच्या सुरक्षा सूचनांमध्ये हा सीव्हीई क्रमांक शोधावा. जुन्या आवृत्त्यांनाही पॅच मागे नेऊन लावले जातात, त्यामुळे केवळ कर्नलच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. तोपर्यंत केएसएमबीडीच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील मल्टिचॅनेलचा पर्याय ‘नो’ ठेवावा आणि एसएमबीचे पोर्ट ४४५ विश्वासातल्या नेटवर्कपुरताच उघडा ठेवावा.

शेवटी केएसॅनच्या कर्नलवर दोन कनेक्शन एकाच सेशनला जोडून, एकावरून लॉग-ऑफ आणि दुसऱ्यावरून सेशन सेटअप हजारो वेळा पाठवून पाहावे. योगायोगावर अवलंबून असलेली चूक दहावीस फेऱ्यांत दिसेलच असे नाही. नवा कर्नल बसवल्यानंतर रीबूट करायला विसरू नये, कारण तोवर मेमरीत जुनेच मॉड्यूल चालू असते.