सशांसाठी रायफल निवडताना

न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत आमचं मेंढ्यांचं कुरण आहे आणि ससे ते पार मुळापासून खातात. रायफल घ्यायला निघालेल्याला मी आधी विचारते, किती लांबून मारणार? ८० मीटरच्या आत .२२ एलआर पुरे (हे काडतुसाचं नाव, पुढची अशी नावंही काडतुसांचीच). स्वस्त, आवाजही कमी. दीडशेपर्यंत .१७ एचएमआर. पण तिची १७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी इतकी हलकी, की दुपारचा वारा सुटला की भलतीकडेच जाते. जखमी ससा बिळात शिरून तडफडत राहतो. ते मला बघवत नाही. म्हणून दोनशे-अडीचशे मीटरसाठी मी .२२३ रेमिंग्टनच सांगते. बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खिट्टी ओढायची), जाड नळी.

नळीच्या आत गोळीला फिरवणारे आटे असतात, त्यांचा पीळ नक्की विचारा. १२ इंचांत एक वेढा असेल तर ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या स्थिर जातात. ८ इंचांत एक असेल तर ७० च्या पुढच्याही, आणि जड गोळी वाऱ्याने कमी सरकते. .२२-२५० आणखी वेगवान, पण नळी लवकर झिजवते.

रायफलवरच्या दुर्बिणीत काटकसर करू नका. परवाना आधी काढा. सशामागे मातीचा चढ नसेल तर चाप ओढू नका, साध्या .२२ चीही गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते.