प्लांटमध्ये स्फोटाचे धोके बघायला निघताय? शिडी घ्या

मागच्या वेळी यादीत गॅस, बॉयलर, एलपीजी सगळं लिहिलं आणि धूळ विसरलो. म्हणजे फरशीवरची दिसली होती, झाडून घ्या असं लिहिलंपण होतं. पण बाहेरून आलेला ऑडिटर सरळ शिडीवर चढला, वर वायरी ठेवतात त्या केबल ट्रेवरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. बास. तर आधी शिडी, आणि टॉर्च, तोपण फ्लेमप्रूफ, म्हणजे ज्याच्या ठिणगीने बाहेरचा गॅस पेटत नाही असा.

हेल्मेट, बूट, परमिट हे सांगत बसत नाही. गॅस डिटेक्टरची बंप टेस्ट करा, म्हणजे थोडा गॅस सोडून तो वाजतो का बघा, नुसता चालू झाला म्हणजे गॅस ओळखेलच असं नाही. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला तरच पेटतो, हायड्रोजन मात्र ४ ते ७५, त्यामुळे दोघांना एकच नियम लावू नका. एलपीजी जड, खड्डे आणि गटारं बघा. हायड्रोजन हलका, छताखाली साठतो. वर बघताच आहात तर बीमवरची धूळपण बघा ना!

साखर, पीठ, दूध पावडर, ॲल्युमिनियमचा भुगा, जळणारं काहीही बारीक असलं की त्याची धूळ हवेत उडून स्फोट होऊ शकतो. पहिला स्फोट कुठेतरी डस्ट कलेक्टरमध्ये छोटासा होतो, त्याच्या हादऱ्याने वर साठलेली धूळ खाली येते, तिचा ढग होतो आणि तो पेटतो, खरा घात हा दुसरा करतो. २००८ ला अमेरिकेत पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात असंच झालं, १४ माणसं गेली. थर किती लागतो? मोठ्या भागावर ०.८ मिलिमीटर, म्हणजे पेपरक्लिपच्या तारेएवढा, बस्स. फॉल्स सीलिंगच्या वरपण बघा. आणि कॉम्प्रेस्ड एअर मारून साफ करणाऱ्याला आधी थांबवा, तो स्वतःच ढग तयार करतोय.

बॉयलरला फुटायला आग लागत नाही, दाब पुरतो, सेफ्टी व्हॉल्व्हच्या टेस्टची तारीख आणि पाण्याची लेव्हल बघा. एलपीजीची टाकी आगीत सापडली तर द्रवाच्या वरचा पत्रा तापून मऊ पडतो आणि व्हॉल्व्ह उघडलेला असूनही टाकी फाटते, म्हणून वरून पाणी मारायची सोय चालू आहे का बघा, पाइप दिसतो यावर जाऊ नका. रिॲक्टरचं, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीचं, कूलिंग बंद पडलं तर काय, विचारा. अर्थिंग, हॉट वर्क (वेल्डिंग, कटिंग वगैरे), नेहमीचं. व्हेंट पॅनेल स्फोटाचा दाब बाहेर सोडायला उघडतं, त्याच्यासमोर कोणाचं टेबल नको.

सह्या घ्या, निघा. केबल ट्रेच्या वरचा फोटो काढलात का? नसेल तर शिडी परत लावा.