खोका उघडण्यापासून देवघेवीपर्यंत: वाचनालयाच्या तयारीची यादी

नव्या पुस्तकांच्या कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: त्या संध्याकाळी टेबलावरचं पुस्तक वाचकाला घरी नेता येणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर तारीख पुढे ढकला. मी हे हात पोळून शिकलो. एका वर्षी आम्ही नव्या पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं. पाहुणे बोलले, गर्दीही झाली, पण पुस्तकं दाखल करायचं काम अर्ध्यावर होतं. म्हणून टेबलाटेबलावर पाटी, ‘फक्त पाहण्यासाठी’. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कासवांवरचं पुस्तक हातात धरून उभ्याउभ्याच वाचत होती. तिनं विचारलं, “हे नेऊ का?” मी म्हटलं, “आठ दिवसांनी ये.” ती आली नाही. पुस्तक आठ दिवसांनी रीतसर वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे जागा सांगणारा आकडा, लावून कपाटात गेलं आणि कितीतरी महिने तिथेच बसून राहिलं. तेव्हापासून माझी यादी उलटी चालते. आधी देवघेव, म्हणजे पुस्तकं घरी देण्याची सोय, मग टेबलं, भाषणं सगळ्यात शेवटी.

त्यामुळे पुस्तकं कार्यक्रमाच्या निदान सहा आठवडे आधी हातात हवीत. खोका फोडताना ब्लेड खोल घालू नका. वरच्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चरा उमटतो आणि तो नेमका सगळ्यात महागड्या पुस्तकावर असतो. बिल आणि आपली मागणीयादी शेजारी ठेवून एकेक पुस्तक टिक करा. नाव जुळलं म्हणून थांबू नका, आवृत्तीही बघा. संदर्भग्रंथाची नवी आवृत्ती मागवावी आणि जुनीच पदरात पडावी, हे होत असतं.

मग पानं. यात कंटाळा करायचा नाही. छापील पुस्तक फर्म्याफर्म्यांनी, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी, बांधलेलं असतं. एखादा फर्मा गळालेला, दोनदा आलेला किंवा उलटा शिवलेला असला तर पुस्तक वरून अगदी व्यवस्थित दिसतं आणि वाचकाला ऐन रंगात कळतं की 96 नंतर थेट 113 वं पान आलंय. रहस्यकथेत असं झालं की वाचक पुस्तकाला नाही, वाचनालयाला बोल लावतो. म्हणून पानांचे आकडे अंगठ्याखालून सरकवत पाहायचे, आणि वाचनालयाचा शिक्का त्यानंतरच मारायचा. शिक्का पडलेलं पुस्तक विक्रेता परत घेईलच असं नाही, आणि त्याचंही काही चुकत नाही.

नवं कोरं जाड पुस्तक मधोमध फाकवून ‘मोकळं’ करायची सवय असेल तर सोडा. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे हलके आडवे करा, मग पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, असं आलटून पालटून अलगद दाबत मध्यापर्यंत या. एका पुस्तकाला मिनिटभर लागतं. एवढं केलं की बांधणीचं आयुष्य वाढतं, आणि हाताला पुस्तकाची ओळख होते ती वेगळीच.

देणगीची पुस्तकं आली असतील तर ती या टेबलावर आणूच नका. त्यांना वेगळा कोपरा, शक्यतो वेगळी खोली. पानांच्या सांधीत कसर फिरते का, कण्याच्या पोकळीत वाळवीची माती आहे का, कुबट वास येतो का, हे पाहिल्याशिवाय त्यांना कपाटाचं दर्शन नको. कसरीला ओल आवडते आणि खळ-डिंकाचं तर तिला व्यसनच असतं. फाटकी पानं जोडायला साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि मग दुरुस्तीच दुखणं होऊन बसते. आणखी एक, देणगी स्वीकारतानाच सांगून टाका की सगळी पुस्तकं ठेवली जातीलच असं नाही. नंतर सांगितलं की राग येतो.

दाखल नोंदवहीत एकेका प्रतीला एकेक क्रमांक. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती म्हणजे तीन दाखल क्रमांक. इथे काटकसर केली की पुढे कोणती प्रत हरवली ते कळत नाही. संगणकावर नोंद करणारे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, हातानं टाइप करत असतील तर त्यांना शेवटच्या आकड्याची गंमत सांगून ठेवा. 1 जानेवारी 2007 पासून हा क्रमांक 13 आकडी झाला. पहिल्यापासून एकाआड एक आकड्याला 1 आणि 3 नं गुणून बेरीज केली की तिला 10 नं पूर्ण भाग जायला हवा. शेवटचा तपासअंक त्यासाठीच असतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले तर बहुतेक वेळा बेरीज बिघडून चूक पकडली जाते. त्या दोन आकड्यांत 5 चा फरक असेल तर मात्र ती निसटते. म्हणून संगणक गप्प राहिला तरी पडद्यावर आलेलं नाव हातातल्या पुस्तकाशी ताडून पाहायचं. जुन्या पुस्तकांवर 10 आकडी क्रमांक असतो. त्याला पुढे 978 जोडलं की तपासअंक नव्यानं काढावा लागतो, नुसतं जोडून भागत नाही.

वर्गांकाचं म्हणाल तर मेल्विल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालानं 1876 मध्ये मांडलेली, विषयाला आकडा देणारी दशांश पद्धत छोट्या वाचनालयाला आजही पुरून उरते. खगोलशास्त्र 520, मराठी साहित्य 891.46, लोककथा 398.2, आणि आमची कासवं 597.92. घोळ होतो तो दोन घरच्या पाहुण्यांचा. ताऱ्यांविषयीच्या लोककथांचं पुस्तक 398 मध्ये घालायचं की 520 मध्ये? दोन्हीकडे शोभतं. मुद्दा एवढाच की जे ठरवाल ते एका वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढचं तसलं पुस्तक दुसरीकडे जाणार नाही. कण्यावरची चिठ्ठी सगळीकडे एकाच उंचीवर चिकटवा. त्यासाठी पुठ्ठ्याचा एक तुकडा माप म्हणून कापून ठेवावा. चिठ्ठ्या वरखाली असल्या की मान वाकडी करून शोधणारा वाचक तिसऱ्या पुस्तकाला कंटाळतो. कणा फार बारीक असेल तर चिठ्ठी मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात.

हे सगळं झाल्यावर कार्यक्रमाकडे वळायचं. तारीख परीक्षांच्या दिवसांत नको, गावातल्या दुसऱ्या मोठ्या समारंभाच्या अंगावर नको. 23 एप्रिलला, युनेस्कोनं 1995 मध्ये ठरवलेल्या पुस्तकदिनालाच करू असा आग्रह कोणी ना कोणी धरतोच. माझं मत विचाराल तर तो दिवस टाळावा. त्या दिवशी बोलणारी चांगली माणसं सगळ्यांनाच हवी असतात. आठवडाभर मागेपुढे केलं तर तीच माणसं निवांत येतात आणि बसतातही.

पाहुण्यांना विषय, वेळ आणि श्रोते कोण आहेत हे तिन्ही लेखी कळवा. ‘वाचनाचं महत्त्व’ हा विषय कोणालाही देऊ नये. जो माणूस संध्याकाळी वाचनालयात येऊन बसलाय त्याला ते पटलेलंच आहे. त्यापेक्षा पाहुण्यांना नव्या पुस्तकांतली पाच आधीच घरी पाठवा आणि म्हणा, यांतल्या आवडलेल्या दोनांवर बोला, न आवडलेल्या एकावर बोललात तरी चालेल. ती पाच पुस्तकं भाषण संपल्याबरोबर जातात, हा माझा दरवेळचा अनुभव. चित्रपट दाखवायचा बेत असेल तर घरी बघायला घेतलेली डिस्क चार लोकांत दाखवायची परवानगी देत नाही, हे विसरू नका. सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांना आधी विचारा.

मुलांच्या गोष्टीच्या तासाला मोठ्यांच्या भाषणाएवढी तरी तयारी लागते. ज्याला वाचायचंय त्यानं ते पुस्तक घड्याळ लावून दोनदा मोठ्यानं वाचलेलं असावं. मनातल्या मनात दहा मिनिटांची वाटलेली गोष्ट मोठ्यानं वीस मिनिटं घेते. वाचणाऱ्यानं खिडकीकडे पाठ करून बसू नये. मागून उजेड आला की मुलांना चित्रं काळी दिसतात. पाठीशी भिंत असावी, पुस्तक एका बाजूला कानाजवळ, चित्रं मुलांकडे, आणि पान उलटायची घाई नाही. मागच्या ओळीतलं पोर गुडघ्यावर उठून पुढे सरकायला लागलं की समजायचं, पुस्तक फार खाली धरलंय. गोष्ट अर्ध्यावर सोडून “पुढचं पुस्तकात” म्हणणं मला आधी लबाडी वाटायचं. आता मी बिनदिक्कत करतो, फक्त त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असतील तरच.

फलकावर तारखेसोबत वार लिहा आणि दोन्ही जुळतात का ते दिनदर्शिकेत पाहा. ही चूक इतकी नेहमीची आहे की छापण्याआधी तिसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावं. वृद्ध वाचकांसाठी अक्षर मोठं हवं. छापील पत्रक असेल तर निदान 16 पॉइंट. खुर्च्या अपेक्षेपेक्षा थोड्या कमी मांडून उरलेल्या भिंतीशी रचून ठेवा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी जागा कडेला कोपऱ्यात नको, रांगेतच एक खुर्ची काढून ठेवा. ध्वनिक्षेपक आदल्या दिवशी तपासा.

टेबलावर पुस्तकं आडवी थप्पीनं रचू नका, मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवा. प्रत्येक नव्या पुस्तकाशेजारी त्याच विषयाची दोन जुनी ठेवायची. याचं कारण साधं आहे: नवं पुस्तक पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी नेतं आणि दुसऱ्याचा हात रिकामा राहतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं तिसरं ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. ते जुन्या पुस्तकांना अशा दिवशीच खरं लागू पडतं. चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं, तर त्यासाठी देवघेवीचं टेबल दाराशी घ्या, त्यावर दोन माणसं बसवा आणि नव्या सभासदांचे अर्ज, चालू पेनं आणि तारखेचा शिक्का आधीच लावून ठेवा. शिक्क्याची तारीख बदलायची राहून जाते. नेहमीच राहून जाते.

एका पुस्तकाला दहा जणांची मागणी आली तर राखीव नोंदीची वही उघडा आणि त्या पुस्तकाची मुदत पंधराऐवजी सात दिवसांची करा. अट सगळ्यांना सारखी, समितीच्या सदस्यांनाही. त्या वहीत मी आणखी एक रकाना आखलाय, ‘मागितलं, मिळालं नाही’. पुढच्या खरेदीची यादी तिथूनच सुरू होते. विषय वाचकाच्याच शब्दांत लिहायचा, आपण सुधारून लिहायचा नाही. “त्या निळ्या मुखपृष्ठाचं, भूकंपाचं” असं कोणी म्हणालं तर तसंच. निळा रंग कधीकधी कामाला येतो.

आणि एक काम नंतरचं, जे हमखास विसरलं जातं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी दिलेल्या सगळ्या पुस्तकांची मुदत एकाच दिवशी संपते. बरोबर पंधरा दिवसांनी दाराशी रांग लागते आणि टेबलावर नेहमीसारखा एकच माणूस असतो. दिनदर्शिकेत त्या दिवशी आजच खूण करा आणि त्या दिवसापुरता दुसरा माणूस सांगून ठेवा.