रॉकर सोलचे बूट घेताय? आधी या चुका टाळा

पुढचा भाग जमिनीपासून बोटभर उचललेला, मध्ये जाड, टाचेशीही किंचित गोलाई. अशा होडीसारख्या तळाचे बूट आता सगळीकडे दिसतात. दुकानात दोन फेऱ्या मारल्या की पाय आपोआप पुढे जातोय असं वाटतं आणि खरेदी होऊन जाते. कुणी गुडघ्यासाठी घेतं, कुणी टाचदुखीसाठी, तर कुणी मुलाने अमेरिकेहून पाठवले म्हणून घालतं. फिजिओथेरपीच्या कामात मला रोज हे बूट दिसतात, आणि त्यामुळे आराम पडलेले लोकही दिसतात, नवीन दुखणं लागलेले लोकही. बूट तोच असतो, पाय वेगळा असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडा हिशेब. चालताना एका पायावर येणारा सर्वाधिक भार आपल्या वजनाच्या साधारण १.१ ते १.२ पट असतो. जॉगिंग करताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, त्यामुळे पाय टेकल्यावर तोच भार दोन ते अडीच पटीवर जातो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या पायावर चालताना ८० किलोच्या आसपास, आणि जॉगिंगमध्ये १४० ते १७५ किलो. तळाला कितीही गोलाई दिली तरी हा भार नाहीसा होत नाही. गोलाईने बदलतं ते एवढंच: तळव्याच्या कुठल्या भागावर तो किती वेळ राहतो आणि त्यासाठी कुठल्या सांध्याला, कुठल्या स्नायूला किती ओढ पडते.

पहिली चूक: ‘दाब कमी होतो’ एवढंच ऐकून थांबणं

दाब कमी होतो, हे खरं आहे. पण तो चवड्याखालचा. टाच उचलून पाऊल पुढे टाकताना बोटं वरच्या बाजूला वाकतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांच्या टोकांवर येतो. कडक, गोल तळाचा बूट असेल तर बोटं न वाकताच पाऊल पुढे लोळतं, म्हणून तिथला दाब चांगलाच उतरतो. तो उतरलेला भार मग टाचेकडे आणि तळव्याच्या मधल्या भागाकडे सरकतो. तळव्याखाली सेन्सर ठेवून केलेल्या मोजमापांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

त्यामुळे ‘टाच दुखते, रॉकर घेऊ का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. सकाळी उठल्यावर पहिली चार-सहा पावलं टाकताना टाचेच्या आतल्या कडेला कळ येत असेल, तर दुखणं बहुधा तळव्याच्या पट्ट्याचं, म्हणजे प्लांटार फॅशियाचं असतं. बोटं वर वाकली की हा पट्टा ताणला जातो. रॉकर बोटांना वाकू देत नाही, म्हणून अशा माणसाला बरं वाटू शकतं. पण टाचेच्या बरोबर मध्यभागी, उभं राहिल्यावर, कडक फरशीवर, दगडावर उभं असल्यासारखं दुखत असेल तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. त्या टाचेवर आणखी भार ढकलणारा बूट त्रास वाढवतो. दोघेही दुकानात जाऊन ‘टाच दुखते’ एवढंच सांगतात आणि दोघांना एकच बूट मिळतो.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा आखडलेला असेल, अंगठा वर उचलताना ठणकत असेल, तर रॉकरचा उपयोग होतो. चवड्याखाली घट्टे पडून चालणं नकोसं झालं असेल तरीही होतो. नुसता गुडघा दुखतो म्हणून घेत असाल तर मात्र थांबा. घोट्याचं काम कमी झालं की त्यातला काही वाटा गुडघ्याकडे आणि खुब्याकडे जाऊ शकतो.

दुसरी चूक: एक नंबर मोठा बूट घेणं

आपल्याकडे बऱ्याच जणांचा पंजा रुंद असतो. बूट बाजूंनी दाबतो म्हणून एक नंबर वरचा घ्यायची सवय आहे. साध्या सपाट बुटात त्याने फारसं बिघडत नाही, रॉकरमध्ये बिघडतं.

या तळात सगळं अवलंबून असतं एका रेषेवर, जिथून तळ वर उचलायला लागतो तिच्यावर. चवड्यावरचा दाब उतरवायचा असेल तर ही रेषा टाचेपासून मोजून बुटाच्या लांबीच्या साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर, म्हणजे चवड्याच्या हाडांच्या टोकांच्या थोडी मागे हवी. बोटांखालचा दाब कमी करायचा असेल तर ती आणखी जरा पुढे, ६५ टक्क्यांच्या आसपास चालते. आता नंबर वाढवला की बूट साधारण साडेआठ मिलिमीटरने लांबतो आणि ही रेषा पाच मिलिमीटर पुढे जाते. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हाडाचं टोक रेषेच्या पुढे असायचं ते नेमकं रेषेवर आलं, तर ज्या जागेचा दाब काढायचा होता तिथेच तो वाढतो. शिवाय सैल बुटात पाय आत पुढेमागे सरकतो, म्हणजे रेषा दर पावलाला वेगळ्या जागी पडते.

घरी तपासायला सोपं आहे. बूट सपाट टेबलावर ठेवा. पुढून तळाखाली पोस्टकार्डासारखा जाड कागद सरकवा आणि तो जिथे अडकतो तिथे बाहेरच्या कडेवर पेन्सिलची खूण करा. मग बूट घालून उभे राहा आणि वरून बोटांनी चाचपून चवड्याच्या सर्वांत रुंद भागाची हाडं शोधा. खूण त्यांच्या थोडी मागे असायला हवी. पुढे असेल तर तो बूट कितीही महाग असो, तुमच्या चवड्यासाठी नाही. रुंद पंजासाठी त्याच नंबरात ‘वाइड’ मागा. ते मिळत नसेल तर दुसरा ब्रँड बघा, पण नंबर वाढवू नका.

मऊ म्हणजे चांगला, हा समज

दुकानात आपण काय करतो? बूट हातात घेतो, पुढून वाकवून बघतो, सहज वाकला की ‘छान मऊ आहे’ म्हणतो. रॉकरच्या बाबतीत ही परीक्षा उलटी लावायची. तळ चवड्याशी वाकला, तर त्याच्याबरोबर बोटंही वाकणार आणि गोलाई नुसती शोभेची उरणार. एका हाताने टाच धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पुढचं टोक वर दाबा. बूट अखंड लोळला पाहिजे, मधूनच घडी पडता कामा नये. पायाला लागणारा मऊपणा आतल्या इनसोलमध्ये हवा.

मऊ फोमचे जाड तळ आणखी एका प्रकारे फसवतात. काही महिन्यांत फोम दबतो, तोही एका बाजूने जास्त. जोडी टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या पातळीवर बघा. टाचेचा भाग आत किंवा बाहेर कलला असेल तर आता तो बूट घोटाही कलवतो आहे. वरून बूट नवाकोरा दिसतो म्हणून लोक वर्षानुवर्षं वापरत राहतात.

चालायला बरा म्हणून पळायलाही

चालणं आणि जॉगिंग या पायाच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना शरीर टेकलेल्या पावलावरून पुढे लोळतं. डॉ. जॅक्लिन पेरी या अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांनी निरोगी पायाच्या चालीतच तीन रॉकर, म्हणजे पुढे लोळण्याचे तीन टप्पे, दाखवले होते: आधी टाचेवर, मग घोट्यात, शेवटी चवड्यावर. २००६ साली संशोधकांनी लोकांच्या कडक बुटांना वेगवेगळ्या गोलाईच्या कमानी लावून त्यांना चालवलं. कमानीची त्रिज्या खुब्यापासून जमिनीपर्यंतच्या पायाच्या लांबीच्या साधारण ३० टक्के असताना चालायला सर्वांत कमी श्रम पडले. निरोगी पाऊल आणि घोटा मिळून चालताना जो आकार धरतात, तो जवळपास एवढ्याच गोलाईचा असतो. म्हणजे धडधाकट पायाकडे रॉकर आधीपासूनच आहे. बुटातला रॉकर त्याचं काम स्वतःकडे घेतो.

जॉगिंगमध्ये नुसतं लोळून भागत नाही. पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, स्प्रिंगसारखी ताणून सोडावी लागते. ही शीर जुनाट दुखणाऱ्या लोकांवर केलेल्या अभ्यासात रॉकर बुटांमुळे चालताना आणि पळताना, दोन्ही वेळा तिच्यावरची ओढ कमी झालेली दिसली. अशा माणसाला रॉकर जरूर द्यावा. पण सगळ्यांनी तो पळायला घालावा असं त्यातून निघत नाही. चालण्यासाठी बनवलेले रॉकर बूट बहुतेकदा जड असतात, आणि एका बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की पळण्याची ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. जाड, गोल तळावर वेगाने वळताना घोटा मुरगळण्याची शक्यताही असते.

‘पण मॅरेथॉनवाले तर असेच बूट घालतात ना?’ हो. २००९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या होका कंपनीने जाड, वक्र तळ पळणाऱ्यांत लोकप्रिय केला. २०१७ मध्ये नाइकीचा वेपरफ्लाय आला. त्यात वक्र कार्बन प्लेट आणि उसळणारा हलका फोम होता, आणि प्रयोगशाळेत सरासरी चार टक्के ऊर्जा वाचली. पुढे २०२० मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित करावी लागली. मात्र ते मोजमाप ताशी १४ ते १८ किलोमीटरने पळणाऱ्या तयार धावपटूंवरचं होतं, आणि त्या बचतीत फोमचा वाटा मोठा मानला जातो. सकाळी मैदानाला ताशी सात-आठ किलोमीटरने चकरा मारणाऱ्याने त्या चार टक्क्यांसाठी एवढे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

जॉगिंगसाठी रॉकर घ्यायचाच असेल तर पहिले दोन-तीन आठवडे फक्त चाला. मग पळण्यात दर दोन-तीन मिनिटांनी चालणं मिसळा. जुना जोडा फेकू नका, आलटून पालटून वापरा.

व्यायामाचा बूट समजणं

१९९६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एमबीटी नावाचे गोल तळाचे बूट निघाले. त्यानंतर ‘घालून नुसतं चाला, मांड्या आणि नितंब घडतील’ अशा जाहिरातींचा पूर आला. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दाव्यांना पुरावा नाही असं म्हटलं, आणि रिबॉकने २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर, तर स्केचर्सने २०१२ मध्ये चार कोटी डॉलर भरून तडजोड केली. तरीही तो समज आजही ऐकू येतो.

उलट दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुटाचं टोक जितकं वर वळलेलं, तितकं चालताना बोटांच्या सांध्यांना कमी काम पडतं असं दिसलं. दुखऱ्या पायाला ही विश्रांती आहे. निरोगी पायाने मात्र दिवसभर, वर्षानुवर्षं असेच बूट घातले तर तळव्याचे लहान स्नायू दुबळे होऊ शकतात, ही शंका त्याच संशोधकांनी मांडली. पाय निरोगी असेल तर घरात थोडा वेळ अनवाणी वावरा, बसल्या बसल्या बोटांनी जमिनीवरचा नॅपकिन गोळा करा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी अनवाणी चालू नये.

मधुमेह असेल तर

इथे चूक महागात पडते, म्हणून जरा थांबून वाचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवून दिलं की पाय रोगाने सडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि जखम होते. हाच विचार पुढे मधुमेहाच्या पायाला लागू झाला, आणि कडक रॉकर तळ हे त्यातलं महत्त्वाचं साधन आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, तळव्याला आधी जखम होऊन गेली असेल तर बुटातला त्या जागेचा दाब २०० किलोपास्कलच्या खाली यावा किंवा निदान ३० टक्क्यांनी उतरावा. हे अंदाजाने कळत नाही. सोय असेल तिथे सेन्सर लावून मोजून घ्यावं.

आपल्याकडे एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल आणि रॉकर यांत गल्लत होते. एमसीआर पायाला मऊ अस्तर देते, पण तिच्या तळाला रॉकर असतोच असं नाही. डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलंय ते विचारून घ्या.

नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढल्यावर तळवा आरशात बघा, हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. एखादी जागा लाल झाली असेल आणि अर्ध्या तासात लाली गेली नाही, किंवा ती जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागत असेल, तर बूट पुन्हा घालू नका. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हे बधिर पायाला लागू नाही. आणि उघडी जखम असेल तर हा बूट म्हणजे उपचार नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तोल आणि उंची

गोल टाचेवर उभं असताना शरीर मागे जायला बघतं. ज्यांना चक्कर येते, ज्यांचा तोल आधीच डळमळीत आहे, ज्यांना पार्किन्सन आहे, त्यांना हे बूट परस्पर आणून देऊ नका. जिना उतरताना, टेकडीवरच्या सुट्या मुरमावर, पावसाळ्यात ओल्या लादीवर, चालत्या बसमध्ये धडधाकट माणसानेही जपून राहावं. ओट्यापाशी तासभर उभं राहायचं असेल तर सपाट तळच बरा.

एकाच पायाला रॉकर लावून घेतला की तो पाय तळाच्या जाडीएवढा उंच होतो. दुसऱ्या बुटाला तेवढीच जाडी लावून घ्यायची राहून जाते, आणि महिन्याभरात कंबर धरते. लोक कंबरेचे एक्स-रे काढत बसतात.

बूट घातल्यापासून नडगीच्या पुढच्या बाजूला भरून येत असेल तर आधी चालण्याचा वेळ निम्मा करा. घोटा सावरणारे स्नायू नव्या कामाला लागलेले असतात, आठ-दहा दिवसांत ते निवळतं. बोटांखाली आग होत असेल तर वर सांगितलेली पेन्सिलची खूण तपासा. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखू लागलं आणि दोन आठवड्यांत उतरलं नाही, तर बूट बाजूला ठेवून तज्ज्ञांना दाखवा. जाताना हे बूट आणि आधीचे जुनेही पिशवीत घालून न्या, आणि नेण्यापूर्वी तळ धुऊ नका. रबर कुठे घासलंय आणि इनसोलवर कुठल्या बोटाचा खळगा पडलाय, हे बघितलं की निम्मी तपासणी तिथेच होते.