एका हाताने करवत चालवायची तर : लाकूड धरणारा पाट कसा बनवावा

घरातली विळी आठवा. पातं जागेवर, पाट पायाखाली दाबलेला, आणि एकच हात भोपळा पुढे सरकवतो. एका हाताने सुतारकाम करणाऱ्यासाठी साधन बनवायचं तर मला याहून चांगला नमुना सापडलेला नाही. धरणं पाटाने करावं, कापणं माणसाने.

सावंतवाडीकडे आमच्या वाडीत एक मेस्त्री आहेत. पक्षाघाताने डावा हात लुळा, डावा पायही मंद झाला. जन्मभर जमिनीवर बसून पायाने फळी दाबून कापलेली, म्हणजे हाताबरोबर तो आधारही गेला. मी हौसेने भलामोठा शिकंजा, म्हणजे दांडी फिरवून लाकूड आवळणारी पकड, आणला. दांडी फिरवायला जावं तर फळी घसरे, आणि फळी धरावी तर दांडी फिरवणार कोण? मेस्त्री म्हणाले, "माका दुसरो हात नको, ह्यां लाकूड तेवढां थांबव."

म्हणून आधी माणसाचं माप घ्या. नेहमीच्या खुर्चीत बसवून कोपर काटकोनात ठेवा. बाकाचा माथा कोपराच्या बरोबरीने किंवा किंचित खाली हवा. व्हीलचेअर असेल तर बाकाखाली ८० सेंमी रुंद जागा मोकळी सोडा. गुडघे अडले तर माथ्याची फळी पातळ घ्या, बाक उंच करू नका.

आता पाट. १८ मिमी मरीन प्लाय (ओल सोसणारं प्लायवूड), ४० बाय ३० सेंमी. मागच्या कडेला ४ सेंमी उंच सागाची पट्टी स्क्रूने पक्की करा. पुढे डाव्या अर्ध्यात दुसरी पट्टी, पण तिरकी. या दोन पट्ट्यांमध्ये फळी आणि पाचर बसते.

सगळी मेख पाचरीत आहे. लांबी २० सेंमी, एक टोक ४० मिमी, दुसरं १५, म्हणजे ८ ला १ उतार. पुढच्या पट्टीलाही तितकाच तिरकेपणा द्या, म्हणजे पाचरीची आतली कड फळीला लांबीभर टेकते. मी आधी ३ ला १ उतार दिला होता. करवत चालू झाली की पाचर मागे सरकायची. रुंद टोक चालत्या हाताकडे ठेवा. लाकडी हातोडीचा एक टोला, फळी घट्ट, आणि तोच हात करवत उचलतो. फळी अरुंद असेल तर मध्ये जास्तीची पट्टी घाला. पाचरीला तेल मात्र लावू नका. जुलैत ती फुगून अडकतेच, म्हणून अरुंद टोक ३ सेंमी बाहेर राहू द्या आणि तिथे उलटा टोला मारा.

पाट बाकाला स्टेनलेसच्या दोन बोल्टांनी बसवा. साधं लोखंड खाऱ्या हवेत किती टिकतं ते ठाऊकच आहे.

करवत ओढून कापणारी, पातळ पात्याची घ्या. पहिला ओढा मारताना एरवी दुसऱ्या हाताचा अंगठा पात्याला टेका देतो. तो नाही, तर मागच्या पट्टीचं उजवं टोक गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) काटकोनात करून तिथे फणसाच्या लाकडाचा तुकडा बसवा आणि पातं त्याला टेकवा. झिजला की बदलायचा.

लुळ्या हाताला स्पर्श कळत नसेल तर तो मांडीवर नीट ठेवलाय ना, हे दर वेळी बघा. नकळत पात्याखाली येतो.

आणि हातोडीला सुंभ बांधून बाकाला अडकवा. खाली पडली की उचलायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि मेस्त्रींना नेमकं तेच नको असतं.