डुब्रोव्हनिकला जाताय? आधी पायऱ्या विचारा

मे महिन्यात क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला जायचं म्हणून फोंड्यातले, मडगावचे ओळखीचे लोक सारखे विचारतायत, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. पासपोर्ट, इन्शुरन्स, फॉरेक्स कार्ड हे सांगायला नको. व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, लागतो, १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही तेव्हापासून युरो, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर कुना (तिथलं आधीचं चलन) बदलून घ्या असं लिहिलेलं दिसलं तर तो ब्लॉग बंद करा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. आणि मल्टिपल एन्ट्री मागा, हे महत्त्वाचं, कारण तिथून एका दिवसात जाऊन येण्यासारखी जी दोन ठिकाणं सगळे सुचवतात त्यातलं कोटोर मॉन्टेनेग्रोत आणि मोस्तार बोस्नियात, म्हणजे दोन्ही शेंगेनबाहेर. सिंगल एन्ट्रीवर तिकडे गेलात की परत आत यायला व्हिसाच नाही. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांना यातलं काही लागू नाही.

आता खरं काम. खोली बुक करायच्या आधी मालकाला मेसेज करा आणि एकच प्रश्न विचारा: वेशीपासून तुमच्या दारापर्यंत पायऱ्या किती? किती मिनिटं लागतात ते नको, सेंटरपासून किती मीटर ते नको. पायऱ्या किती. आणि दारापासून खोलीपर्यंत आणखी किती, तेही. जुनं गाव दगडी तटाच्या आत आहे, तिथे गाडी येत नाही, टॅक्सी पिले वेशीबाहेर किंवा पूर्वेच्या प्लोचे वेशीबाहेर सोडते आणि तिथून पुढे तुम्ही, तुमची माणसं आणि तुमच्या बॅगा. मधला स्त्रादुन हा मोठा रस्ता सपाट आहे, फोटोत तोच दिसतो, म्हणून वाटतं की सगळं गाव सपाट असणार. तसं नाही. स्त्रादुनच्या उत्तरेला जे बोळ जातात ते बोळ नाहीतच, जिने आहेत, तटापर्यंत वर वर चढत जाणारे, आणि दक्षिणेलाही चढ आहेच. मॅपवर अंतर शंभर मीटर दाखवतं, पण ते शंभर मीटर उभे. गेल्या वेळी आम्ही हे विचारलं नव्हतं. आई मधल्या एका पायरीवर बसली, दोन्ही गुडघे हातांनी दाबत, आणि मी एक बॅग वर ठेवून दुसरीसाठी खाली उतरत होते, तोवर वरून येणाऱ्या लोकांना वाट द्यायला तिला दर दोन मिनिटांनी उठावं लागत होतं. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं "ओल्ड टाउनच्या मधोमध". मधोमध होतंच, पण वर. म्हणून सांगते, पायऱ्या विचारा. मालक "थोड्याच" म्हणाला तर आकडा मागा. आकडा देत नसेल तर दुसरं घर बघा.

बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर सरळ तटाबाहेर राहा, प्लोचेच्या बाजूला किंवा लापादला, आणि तिथेही पायऱ्या विचारा, कारण अख्खं शहरच डोंगराच्या उतारावर आहे. बाहेर राहिल्याने काही बुडत नाही, लापादहून बस थेट पिलेला येते.

बॅगेचं यातूनच ठरतं. माणशी एक, आणि ती ज्याची त्याला उचलता आली पाहिजे. घरी भरून झाली की आपल्याच बिल्डिंगच्या जिन्यावरून तीन मजले चढवून बघा, खरंच बघा. चाकांचा तिथे उपयोग नाही, आणि दगडी रस्त्यावर चाकं खडखडवत नेऊ नका अशी शहराने पाहुण्यांना विनंतीही केलेली आहे, आत लोक राहतात. चोरिस, तूप, पेढे यातलं काही भरू नका, बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. चिवडा, लोणचं चालतं. फ्लोटर आणि चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट घ्या. स्त्रादुनचा चुनखडीचा दगड पायांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की पाऊस पडला की मंगेशीच्या धुतलेल्या फरशीवर चालल्यासारखं होतं.

तट. यासाठीच तर जायचं. १९४० मीटरचा अख्खा फेरा आहे, काही ठिकाणी २५ मीटर उंच, आणि वरून चालत पूर्ण फिरता येतो. सकाळी आठला उघडतो तेव्हा हजर राहा, दहानंतर क्रूझची माणसं आणि ऊन एकदमच येतात आणि वर सावली जवळजवळ नाही. वाट एकेरी आहे, घड्याळाच्या उलट दिशेने, मागे फिरता येत नाही, त्यामुळे पाणी, टोपी आणि बाथरूम हे आधीच उरकायचं. प्लोचेकडून चढा. तिकडून चढलं की मिंचेता बुरुजाचा मोठा चढ ताज्या पायांनी सुरुवातीलाच होऊन जातो, पुढे समुद्राची बाजू आरामात बघता येते. हो, इथेही पायऱ्याच आहेत, भरपूर, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली कॅफेत बसवा, जबरदस्ती करू नका. तटाचं तिकीट वेगळं काढण्याआधी डुब्रोव्हनिक पासची किंमत बघा, त्यात तट, म्युझियमं आणि बस सगळं येतं.

मिंचेतावर पोचलात की घाईघाईत सेल्फी काढून निघू नका, कौलं बघा. काही फिकट, पिवळट, डागाळलेली आणि काही लालभडक. १९९१-९२च्या युगोस्लाव सैन्याच्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं फुटली, त्यानंतर घातलेली ती नवी. युनेस्कोच्या यादीत हे शहर १९७९ पासून होतं तरीही त्याच्यावर गोळे पडले. स्त्रादुनवरची घरं एकसारखी का, तर १६६७च्या भूकंपात गाव कोसळलं आणि नंतर एका नमुन्याने बांधलं. हे माहीत असलं की बघायला वेगळं वाटतं, म्हणून घरूनच थोडं वाचून जा.

पाणी विकत घेऊ नका, बाटली न्या. पिले वेशीतून आत शिरलं की समोरच ओनोफ्रियोचं कारंजं, १५व्या शतकात नळाने पाणी आणलं तेव्हाचं, १६ तोंडं आहेत, पाणी पिण्याचं आहे. त्याच्यासमोरच फ्रान्सिस्कन मठात १३१७ सालापासूनची फार्मसी, आजही चालू. बाहेर लाझारेती, जुन्या क्वारंटाइनच्या इमारती. साथीच्या भागातून येणाऱ्यांना महिनाभर बाजूला ठेवायचा नियम या गावाने १३७७ साली केला.

आणखी एक, जायच्या आधी एखाद्या रविवारी गवंडाळीला जाऊन या, जुन्या गोव्याहून जवळच आहे. तिथलं सांव ब्राझचं चर्च रागुझाच्या, म्हणजे याच डुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी जोडलं जातं, आणि त्यांचाही ग्रामदेव तोच संत, फेस्तही दोन्हीकडे ३ फेब्रुवारीचंच. मुलांना हे आवर्जून दाखवा.

बाकी पटापट. आत जेवण महाग, एक वेळ बाहेर जेवा. शाकाहारी असाल तर पिझ्झा, पास्ता, सॅलड यावर दिवस निघतात. यूपीआय चालणार नाही हे घरच्यांना आधीच सांगा. पोहायचे कपडे घालून गावात फिरू नका, दंड आहे. संध्याकाळी वारा असतो, जॅकेट. प्लगला आपली बारीक गोल दोन पिन चालते. परतीची फ्लाईट पहाटेची असेल तर शेवटची रात्र तटाबाहेर काढा, एअरपोर्ट वीसेक किलोमीटर आहे आणि टॅक्सी दाराशी येईल असंच घर घ्या.