जुन्या पिकअपला एअर सस्पेन्शन: सामान घेताना

आधी आरटीओत विचारून घ्या, नाहीतर पासिंगला लटकाल. मग गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा तोला. एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणारी हवेची रबरी पिशवी, त्या आकड्यावर निवडायची, फोटो बघून नव्हे.

पाटे, म्हणजे जुन्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढणार? मग नीट ऐका. बॅग फक्त वजन पेलते, एक्सल जागेवर धरत नाही. त्याला लिंक, म्हणजे एक्सल चॅसिसला जोडणारे दांडे, लागतात. चार लिंक असून चारही समांतर असतील तर एक्सल बाजूला सरकू न देणारी आडवी पॅनहार्ड रॉडसुद्धा. ब्रॅकेट आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात झकास बनतात, पण वेल्डिंगवेळी बॅग उतरवा, रबरावर ठिणगी नको. बॅग पूर्ण फुगवून आणि रिकामी करून, दोन्ही वेळा चॅसिसला, सायलेन्सरला घासते का बघा.

हवेच्या टाकीला तळाशी पाणी सोडायचा ड्रेन हवाच. गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत आत पाणी साचतंय. हवेच्या नळ्यांच्या जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की फिटिंग बदला.